पाचातले तीन

सिग्नल पडला, गाड्या थांबल्या आणि तो रस्ता ओलांडायला खाली उतरला. गुरुवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात अगदी पुढच्या मोटरसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर केली. आत मुंगळा होता, त्याच्या रग्बी संघातला गडी. मुंगळा म्हणाला, "सर, काकूंचा खोकला कसा आहे आता?" तो म्हणाला, "बरा आहे." मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा, आमच्या आईला त्यानेच उतार पडला, असं काहीतरी मुंगळा बोलला. काच खाली झाली, सिग्नल सुटला, गाड्या भोंगे वाजवायला लागल्या आणि तो उलट पावली फुटपाथवर येऊन उभा राहिला. त्याची बायको जाऊन चौदा महिने झाले होते.

मुंगळ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. ती गेली तेव्हा दोन दिवस मुंगळा घरातच होता. खालच्या मजल्यावरून खुर्च्या त्यानेच वर आणल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी त्यानेच दिलं, आणि सगळे गेल्यावर स्वयंपाकघरातला ओटा त्यानेच पुसला. म्हणजे ही थट्टा नव्हती. मुंगळा तसली थट्टा करणाऱ्यातला नव्हता. मग त्याला रविवार आठवला. रविवारच्या सामन्यात समोरच्या गड्याचा गुडघा मुंगळ्याच्या कानशिलावर बसला होता. मुंगळा पडला, उठला, माती झटकली, अंगठा वर केला आणि उरलेली वीस मिनिटं खेळला. चांगला खेळला. संघातला तो हुकर, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ वाकून डोकी भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या ओळीत मधोमध उभा राहणारा. त्याचे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर अडकलेले असतात, त्यामुळे समोरून येणारं सगळं डोक्यावरच घ्यायचं. एकदा चिकटला की डोकं तुटेल पण सुटायचा नाही, म्हणून मुंगळा. हे सगळं त्याला फुटपाथवर उभं राहून एका झटक्यात कळलं. पण त्याला त्रास झाला तो याचा नव्हे. "बरा आहे" असं आपण म्हणालो, आणि म्हणताना बरं वाटलं, याचा झाला. त्या दोन क्षणांत ती घरी होती, खोकत होती, गुळण्या करायच्या राहिल्या होत्या. जगात एक माणूस तरी असा होता की ज्याच्या डोक्यात ती अजून खोकत होती, आणि ते डोकं फुटलं होतं म्हणून. त्याच्या घशाशी आंबट पाणी आलं. ते त्याने रुमालात थुंकलं आणि रुमाल खिशात ठेवला. मग ओला रुमाल मांडीला लागत राहिला.

शनिवारी निवड समितीची माणसं सामना बघायला येणार होती, म्हणून क्लबच्या सेक्रेटरीने सगळ्यांना नीटनेटकं राहायला सांगितलं होतं. त्यासाठीच तो केस कापायला निघाला होता आणि दुसरं काही सुचेना म्हणून गेलाही. नेहमीचा न्हावी रजेवर होता, त्यामुळे नंबर लागायलाच दोन तास गेले. नवा न्हावी बडबड्या होता. त्याने विचारलं, साहेब काय खेळत होता का. तो म्हणाला, रग्बी. न्हावी म्हणाला, "ते अंड्यासारख्या बॉलचं? म्हणजे मारामारीच ना ती, फक्त शिट्टी वाजवून करायची." तो हसला. मग कानाजवळचे केस काढायला न्हाव्याने त्याचा डावा कान दोन बोटांत धरून दुमडायला घेतला. तो दुमडेना. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांमध्ये घासून घासून तो कान आत रक्त साचून दगड झाला होता. न्हाव्याची बोटं तिथेच थांबली. बडबड थांबली. मग न्हाव्याने कान सोडला आणि बोटं खांद्यावरच्या टॉवेलला पुसली. पुसली आणि आरशात पाहिलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच बघत होतं. न्हावी म्हणाला, पावडर लागली होती. पावडर अजून लावलीच नव्हती.

बायको त्या कानाला चघळून टाकलेला घास म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात तो सुजून टम्म झाला तेव्हा क्लबच्या त्या वेळच्या म्हाताऱ्या डॉक्टरने सुईने रक्त काढायला तिलाच शिकवलं होतं. ती शाळामास्तरीण, तिसरी-चौथीची मुलं हाताळणारी. ती कापूस, सुई, वाटी घेऊन खिडकीपाशी बसायची, त्याचं डोकं मांडीवर घ्यायची आणि नाक न मुरडता ते काळं रक्त वाटीत घ्यायची. तिला किळस कशाचीच नव्हती. त्याला होती, पहिल्यापासून होती, आणि ती त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती. तेराव्या वर्षी शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी त्याची मान दाबून बघितली, म्हणाले ही मान आहे का खांब, आणि त्याला पहिल्या ओळीत घातलं. तिथून त्याचं आयुष्य ठरलं. त्यात चषक होते, वर्तमानपत्रात फोटो होते, दोन वर्षं कप्तानकी होती. पण आरशासमोर बसून आठवायला गेलं तर त्यातलं एकही वर येईना. वर आला तो वास. ओल्या मोज्यांचा, मलमाचा, दुसऱ्याच्या तोंडातून आपल्या तोंडावर येणाऱ्या वाफेचा. दातांवरचं रबर काढताना लाळेची तार लोंबते ती. सामन्याआधी तो न चुकता ओकायचा. ड्रेसिंगरूमच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी वेगळी बादली असायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे, कारण तो ओकला की संघ जिंकतो असा समज होता. चौतिसाव्या वर्षी मानेचे दोन मणके बोलायला लागले तेव्हा तो थांबला आणि कोच झाला. खेळाडू असेपर्यंत आपली मान घालायची, कोच झालं की दुसऱ्याची, एवढाच फरक. अकरा वर्षं तो दुसऱ्यांच्या माना घालत आला. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, कोणी पडलं की पळत जायचं, डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवायची आणि पंचाकडे वळून म्हणायचं, "काही नाही, ठीक आहे तो." हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल याला गणती नव्हती. न्हाव्याने मानेवरचे केस झटकले आणि आरसा मागे धरून दाखवला. त्याने बघितलं नाही.

क्लब तिथून चालत वीस मिनिटं. चालताना तो ज्या गोष्टीला सकाळपासून हात लावत नव्हता ती आपोआप पुढे आली. मोसमाच्या सुरुवातीला क्लबची डॉक्टर प्रत्येक खेळाडूची परीक्षा घेते. एका पायावर उभं राहायचं, महिने उलटे म्हणायचे, आणि मुख्य म्हणजे शब्द. ती पाच शब्द वाचते, लगेच म्हणून दाखवायचे, मग इकडचं तिकडचं बोलून दहा मिनिटांनी पुन्हा विचारते. किती आले ते वहीत लिहून ठेवते. पुढे कोणाच्या डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा कमी आला की महिनाभर मैदानात पाय ठेवायचा नाही. शहाणपणाचीच गोष्ट होती. पण खेळाडू असताना, ही परीक्षा नवीनच निघाली होती तेव्हा, त्याच्या एक लक्षात आलं. सुरुवातीलाच कमी सांगितले तर पुढे कधी कमी येणारच नाहीत. पाच येत असले तरी तीनच सांगायचे. चार नकोत, मग मार लागल्यावर पंचाईत. दोनही नकोत, मग डॉक्टर भुवया वर करते. पाचातले तीन. हा शोध त्याचा स्वतःचा होता. त्याने तो शेवटचे तीन मोसम वापरला आणि कोच झाल्यावर प्रत्येक नव्या खेळाडूला पहिल्याच आठवड्यात शिकवला, दातांवरचं रबर कसं उकळायचं हे शिकवतात तसा.

आणि त्याला त्याची तालीम दिली होती बायकोने. आधी ती चिडली होती. मग एकदा जेवणं झाल्यावर म्हणाली, आयुष्यभर पोरांना पास करत आले, तुम्ही एकटेच नापास व्हायची शिकवणी लावणारे निघालात. आणि शुद्धलेखन घालायच्या आवाजात शब्द वाचायला लागली. झारा. बटण. पोपट. शिडी. लिंबू. मग ताटं उचलायची, ओटा आवरायचा आणि विचारायची, हं, काय होते? तो झारा, बटण, लिंबू म्हणून थांबायचा. ती म्हणायची, असं नाही, चोरी दिसते तुमच्या तोंडावर. विसरलेला माणूस कसा वर बघतो, छतावर पाल शोधतो तसा. पाल शोधा आधी. हे तिने वर्गातल्या ढ पोरांवरून उचललं होतं. तो पाल शोधायला शिकला. तो त्यात इतका तरबेज झाला की पुढे परीक्षा संपल्या तरी हा त्यांचा घरातला खेळ होऊन बसला. कोणी किल्ली कुठे ठेवली विसरलं की दुसरा म्हणायचा, पाल शोध, पाल.

म्हणून ती जेव्हा घासणीला "ते भांड्याचं, हिरवं" म्हणाली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, वर बघ. तीही हसली आणि वर बघितलं. शेजारणीचं नाव तिला आठवेना, तिने वर बघितलं. शाळेतून येताना ती दोन थांबे पुढे गेली आणि घरी आल्यावर म्हणाली, पाल शोधत बसले होते बसमध्ये. किती हसले होते दोघं. सात महिने. सात महिने तो समजत राहिला की बायको आपल्याला आपलाच खेळ खेळून दाखवते आहे. हॉस्पिटलात गेले तेही तिच्या डोकेदुखीसाठी. तिथल्या डॉक्टरने पाच शब्द वाचले आणि थोड्या वेळाने विचारले. तिला दोन आले. तिने छताकडे बघितलं. आणि तो, तिचा नवरा, शेजारच्या स्टुलावर बसलेला, हसला. मोठ्याने हसला. म्हणाला, "फार कमी सांगितलेस, तीन तरी सांगायचेस." डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गटाराचं झाकण उघडल्यावर माणूस एक पाऊल मागे होतो, तसं काहीतरी होतं. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती, डॉक्टरकडेही नाही. स्वतःच्या हातांकडे बघत होती. हे त्याला तेव्हा दिसलं नव्हतं. डोक्यातली गाठ चांगली लिंबाएवढी होती. सहा-सात महिने आधी आला असतात तर, एवढं म्हणून तो डॉक्टर थांबला होता.

क्लबच्या फाटकातच सेक्रेटरी भेटला. बुटका, घामट, सतत दातात काडी घातलेला. त्याने खांद्यावर हात टाकला आणि कानाशी तोंड आणून सांगितलं की समितीतल्या एका माणसाशी त्याचं बोलणं झालंय, मुंगळ्याचं जवळजवळ पक्कं आहे, देशाच्या संघात आपल्या क्लबचा माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, आणि शनिवारी पोरगा आत दिसला पाहिजे बाकी काही नाही. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास होता. काडी बाजूला थुंकून म्हणाला, "तुमचंही नाव होईल हो. वहिनी असत्या तर बघून खूश झाल्या असत्या." त्याने खांद्यावरचा हात काढला. काढताना बोटं घामाने चिकटली. मुंगळा एकोणतिसाचा होता, या वर्षी नाही तर कधीच नाही, हे सेक्रेटरीने सांगायची गरज नव्हती. त्यालाच जास्त माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी गोदामात पोती उचलणाऱ्या मुंगळ्याला त्यानेच धरून आणलं होतं. मुंगळा अजूनही सकाळी गोदामात जायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. आज खास सुट्टी काढली होती, परीक्षेसाठी.

डॉक्टरची खोली मैदानाच्या बाजूला, पायऱ्यांखाली. एक टेबल, एक लोखंडी पलंग, समोरासमोर दोन दारं. डॉक्टर तरुण बाई, दोन वर्षांपूर्वी आलेली, फार न बोलणारी. मुंगळा आधीच येऊन बसला होता. त्याला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या सर. केस छान कापलेत." सकाळचा उल्लेख नाही. डॉक्टरने शब्द वाचून, पहिल्यांदा म्हणवून घेऊन, इकडच्या तिकडच्या गोष्टी करून झाल्या होत्या. आता तिने विचारलं. मुंगळा म्हणाला, "टाच. साबण." मग थांबला. मग त्याने हनुवटी उचलली आणि छताकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, अगदी पाल शोधल्यासारखं. हे त्याच्या बायकोचं होतं. चौथीतल्या ढ पोरांकडून तिने घेतलेलं, तिच्याकडून त्याच्याकडे आलेलं, त्याच्याकडून या माणसाच्या तोंडावर जाऊन बसलेलं. त्याला वाटलं आपण तिचे कपडे कोणाला तरी वापरायला देऊन टाकलेत. "आणि ढग," मुंगळा म्हणाला. डॉक्टरने वही चाळली. म्हणाली, मोसमाच्या सुरुवातीलाही तीनच होते, महिने ठीक, तोल ठीक, माझ्याकडून हरकत नाही. आणि फॉर्म टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. कोचची सही खाली, उजव्या कोपऱ्यात. पेनाचं टोपणही तिने काढून दिलं.

त्याने सही केली नाही. दहा मिनिटांत येतो म्हणाला आणि मुंगळ्याला घेऊन ड्रेसिंगरूममध्ये गेला. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. कालच्या सरावाच्या जर्सी कोपऱ्यात ढीग करून पडल्या होत्या आणि तो ढीग आतून गरम असल्यासारखा वास सोडत होता. त्याने मुंगळ्याला बाकावर बसवलं. डॉक्टरच्या पुस्तकात शब्दांच्या सहाच याद्या होत्या आणि त्या साऱ्या संघाला तोंडपाठ होत्या. त्यातले तीन शब्द तर झोपेतही कोणी सांगितले असते. म्हणून त्याने स्वतःच्या मनाने पाच नवे घेतले. खिळा, बदक, परात, दोरी, चष्मा. म्हणाला, "हे बघ. या वेळी खरे सांगायचे. पाचच्या पाच." मुंगळ्याने डोळा मारला. लगेच म्हणायला सांगितले तर पाचही म्हटले. मग मधला वेळ जावा म्हणून त्याने विचारलं, सकाळी सिग्नलला मला काय म्हणालास? मुंगळा म्हणाला, कुठल्या सिग्नलला, मी तर गोदामावरून सरळ इकडे आलो. तो म्हणाला, पण तू आज सुट्टीवर आहेस ना? मुंगळा थोडा थांबला. म्हणाला, हो की. मग घरून आलो. बाहेर माळी रबरी नळीने मैदानावर पाणी मारत होता, त्याचा आवाज येत होता. शेवटी त्याने शब्द विचारले.

"खिळा," मुंगळा म्हणाला. "चष्मा." आणि हसला. "थांबा सर, येतंय. प्राणी होता एक." त्याने वर बघितलं नाही. आपल्या हातांकडे बघितलं. जाडजूड, गाठी पडलेल्या बोटांकडे, एकेक करून, जणू शब्द तिथे लिहून ठेवले होते आणि आता धुऊन गेले होते. "येतंय, येतंय," मुंगळा म्हणाला. खरंच विसरलेला माणूस वर बघत नाही. तो खाली, आपल्या हातांत बघतो. एवढी साधी गोष्ट. ही त्याला ठाऊक असती तर त्या स्टुलावर तो हसला नसता. ठाऊक कशी असणार, खरंच विसरलेला माणूस बघायची त्याने कधी वेळच येऊ दिली नव्हती, सगळ्यांना त्याने खोटं विसरायला शिकवून ठेवलं होतं. त्याला सगळ्याचा वास एकदम आला. जर्सींचा वास, सेक्रेटरीचा कांदा, मांडीला लागलेला रुमाल, आणि या सगळ्याच्या खाली स्वतःचा वास, ज्याची माणसाला सवय असते.

मुंगळा समजला होता. आवाज खाली आणून तो बोलायला लागला. मॅडमकडे तीन आले ना, झालं की. कागदावर सगळं बरोबर आहे. फक्त शनिवार, सर. ऐंशी मिनिटं. नंतर महिनाभर म्हणाल तर घरी झोपून राहतो. तुम्हीच नाही का म्हणत, डोक्याचं नंतर बघू. खरं होतं, तो म्हणत असे. नेमकं याच शब्दांत, याच आवाजात, बाकावर असाच पुढे वाकून. त्याला वाटलं आपलीच ओकारी कोणीतरी पुन्हा आपल्यासमोर वाढून ठेवली आहे. आणि तरीही तो विचार करत होता. हे नंतर त्याला कबूल करावं लागलं असतं, कोणी विचारलं असतं तर. एक सही. पोराचं भलं होईल. नाहीतर पोराचं तर गेलंच, शिवाय आपण बोललो तर अकरा वर्षांची ती वही सगळी खोटी ठरणार, या क्लबात काय, कुठल्याच क्लबात कोणी उभं करणार नाही. मग सकाळी उठून करायचं काय? घरात दोन खोल्या आणि एक ओटा. इथे निदान शिट्टी आहे. आणि अजून एक विचार त्या सगळ्यांच्या मागे लाजत उभा होता, की बोललो तर याच्यावर उपचार होतील, हा बरा होईल, आणि मग तिच्या खोकल्याची चौकशी कोणीच करणार नाही. हा विचार दिसला तसा तो उठला. त्याहून घाण काही आपल्यात अजून असेल असं त्याला वाटेना.

डॉक्टर काहीतरी लिहीत होती. त्याने फॉर्म तिच्याकडे परत सरकवला आणि उभ्यानेच सांगितलं की वहीतला मुंगळ्याचा आकडा खोटा आहे. त्याला पाच येत होते. तीन सांगायला मी शिकवलं. आत्ता विचारले तर दोन आले. तिने पेन खाली ठेवलं.

"किती जणांना शिकवलंत?"

"सगळ्यांना. अकरा वर्षं."

ती वहीकडे बघत राहिली. मग तिने वही बंद केली आणि बोटाने जरा लांब ढकलली. ही युक्ती आली कुठून, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, कोणी शिकवली नाही, माझी मीच काढली.

"शाबासकी देऊ का?" ती म्हणाली.

मग तिने भराभर कामाचं बोलायला घेतलं. शनिवारी तर नाहीच, कदाचित पुन्हा कधीच नाही, आणि आजच्या आज डोक्याचा फोटो काढायचा. सेक्रेटरीला मी सांगते, तुम्ही मध्ये पडू नका. आणि उद्या सगळ्या संघाला इथे उभं करा, मी माझे शब्द घरून लिहून आणेन. तो हो हो म्हणत गेला. मुंगळा दारात येऊन उभा होता हे दोघांनाही नंतर कळलं. त्याने किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. चेहरा पांढरा पडला होता आणि घामाने चमकत होता. शर्टाच्या पुढच्या बाजूला ओला डाग होता. ड्रेसिंगरूममध्ये ओकून आला होता तो, वास खोलीभर झाला.

"तुम्हीच शिकवलंत," मुंगळा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझं मला कळत होतं का काही? मी पोती उचलत होतो. तुम्ही म्हणालात पाचातले तीन, मी तीन म्हणालो. आता समितीची माणसं दारात आल्यावर तुम्हाला खरं आठवलं होय?"

मुंगळा डॉक्टरकडे वळला आणि अगदी समजावून सांगावं तसं म्हणाला, "मॅडम, यांचं ऐकू नका. यांची बायको गेली ना, तेव्हापासून यांचं असंच आहे."

गेली. म्हणजे तिथेही गेली. सकाळी खोकत होती आणि आता दुपारी तिथेही गेली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं. लागलं ते एवढंच की मुंगळ्याचा चेहरा हे बोलताना क्षणभर बदलला, आपण काहीतरी विसरलो होतो आणि ते आत्ता सापडलं असं काहीसं त्यावर आलं आणि गेलं, आणि त्याच्या मागे भीती आली. मुंगळा घाबरला होता. सहा वर्षांत त्याने मुंगळ्याला घाबरलेलं बघितलं नव्हतं. अडीच-अडीच मणांची माणसं अंगावर घेताना नाही.

"गेलात खड्ड्यात," मुंगळा म्हणाला. तीन ढांगांत खोली ओलांडली, समोरचं दार ढकललं आणि धाडकन मागे लावून घेतलं.

ते बाहेरचं दार नव्हतं. त्या दारामागे सामानाची कोठी होती, फडताळं, बँडेजचे गठ्ठे, मोडकं स्ट्रेचर. मुंगळा गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा तिथून बर्फाचा डबा आणत होता. दोघंही दाराकडे बघत राहिले. चूक लक्षात येईल, शिवी हासडत बाहेर येईल. दार उघडलं नाही. आतून काही आवाज नाही, फक्त एकदा पत्र्याच्या फडताळाला हात लागल्याचा, मग थोडा पुढे पुन्हा एकदा.

तो गेला आणि दार उघडून आत शिरला. मुंगळा भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोन्ही तळवे फडताळावर टेकून, चाचपत, सावकाश डावीकडून उजवीकडे. मागे वळून बघितलं नाही. जागा इतकी कमी होती की त्याला मुंगळ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावूनच उभं राहावं लागलं. ओकारीचा आंबट वास थेट नाकात गेला. त्याने हात मुंगळ्याच्या पाठीमागून नेऊन काखेखाली शर्ट मुठीत घट्ट धरला, पहिल्या ओळीतला गडी आपल्या हुकरला धरतो तसा. मुठीला ओलं लागलं. मुंगळ्याचा हात सवयीने वर आला आणि त्याच्या खांद्यावर पडला, जड.

बाहेरून डॉक्टरने विचारलं, "काय झालं? ठीक आहे ना तो?"

त्याने ओठ ओले केले.

"नाही," तो म्हणाला. "त्याला दार सापडत नाहीये."